मागे ठेवायची वस्तू

सामान हलवणाऱ्या टोळीत त्याला सगळे गाठोबा म्हणत. खरं नाव मुकादमाच्या वहीत होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. काचेचं कपाट असो की म्हातारीचा पलंग, दोरी त्याच्या हातात आली की शहाण्या लेकरासारखी वागायची. सव्वीस वर्षं तो लोकांची घरं इथून उचलून तिथे ठेवत होता. त्यात खांदे वाकले, गुडघे बोलायला लागले आणि दोरीने बोटांची टोकं अशी घासली की गरम आणि गार एवढंच त्यांना कळायचं, बाकी काही नाही.

माणसं काय बोलतात यावर त्याचा विश्वास नव्हता. सामान काय बोलतं यावर होता. "दोनच वर्षांसाठी चाललोय, घर तर इथंच आहे," असं म्हणणारा माणूस भिंतीवरचा फोटो उतरवल्यावर त्याचा खिळाही पक्कडीने उपटायला लागला की गाठोबा समजून जाई, हा काही परत येत नाही. उलट एखादी बाई तणतणत गाडीत बसायची, "या घराचं तोंड पुन्हा बघेन तर नावाची नाही," आणि आत स्वयंपाकघराच्या फळीवर तिची रोजची चहाची गाळणी तशीच पडलेली असायची. ती महिन्याच्या आत परत.

टोळीचा यावर एक जुना रिवाज होता. माणूस परतणार असेल तर त्याची रोजच्या वापरातली एक वस्तू मागे ठेवायची. वस्तू माणसाला ओढून आणते म्हणत. त्याच्या सामानाला परतीची गाठ मारायची, एका हिसक्यात सुटणारी. आणि जो कायमचा चाललाय त्याचं काहीही मागे ठेवायचं नाही, टाचणीसुद्धा नाही. त्याच्या सामानाला कायमची गाठ. ती सोडवायला पंधरा मिनिटं लागतात आणि नखं जातात. शेवटी त्याची रिकामी खोली टोळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाने झाडून काढायची. आता सगळ्यात जुना गाठोबाच होता.

त्याची मुलगी वसतिगृहात राहायला चालली होती.

मुलीला घरात मुंगी म्हणत. चार वर्षांची असताना ती बापाच्या मागे मागे स्वतःहून मोठी उशी ओढत जिना चढली होती, तेव्हापासूनचं हे नाव. आता ती एकोणीसची होती. कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि त्याहून अवघड म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात एक खाट मिळाली होती. कॉलेज बसने नऊ तासांवर. तिथे बाहेर खोली घेऊन राहणं या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. खाट असेल तर शिक्षण, नाहीतर काही नाही, हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे कुणी बोलून दाखवलं नाही.

वसतिगृहाची यादी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली होती. एक पत्र्याची ट्रंक, एक गादी, दोन चादरी, बादली, मग, कुलूप दोन किल्ल्यांसह. खाली ठळक अक्षरात: मूळ कागदपत्रं पहिल्याच दिवशी पाच वाजेपर्यंत दाखवावीत, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल.

आदल्या दिवशी सकाळी गाठोबाची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या, हात पुसत आली. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि तिला बोलायला निमित्त लागत नसे.

"काय रे, जगाची घरं बांधतोस आणि पोरीची एक ट्रंक अजून बोडकीच?"

"ती भरतेय ना. मला हात लावू देत नाही."

"कशी देईल? तुझ्या हाताखाली गेलं की माणूससुद्धा पुठ्ठ्यात गुंडाळून निघतो." मग तिने आवाज उतरवला. "तिला विचारलंस का, सुट्टीत येणार का म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

"म्हणाली, बघू."

आत्या गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, गोष्ट खरीच वाईट आहे.

मुंगी 'बघू' का म्हणाली, हे गाठोबाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मुंगीची आई आजारी होती. चार दिवस ताप हटत नव्हता आणि गाठोबा लांबच्या कामावर होता, एका मोठ्या घराचं सामान घेऊन. मुंगीचा फोन आला, "बाबा, आईला दवाखान्यात ठेवलंय, या." तो म्हणाला, "गाडी अर्ध्यात सोडून येता येत नाही बाळा. उतरवतो आणि निघतो." त्याने सामान उतरवलं. एक कपसुद्धा फुटू दिला नाही. मालकाने पाठ थोपटली. तो घरी पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

मुंगीने त्यावर त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. भांडली असती तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटे. भांडण म्हणजे निदान दाराची एक फळी उघडी. हिने दोन्ही फळ्या लावून आतून कडी घातली होती. जेवायला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, "येते" म्हणून जायची, "आले" म्हणून यायची. मधलं सगळं गेलं होतं.

दुपारी तो दाराशी बसून तिचं भरणं बघत राहिला. मुलगी त्याचीच होती. जड ते तळाला, फुटणारं ते कापडात. लहानपणी त्यानेच तिला शिकवलं होतं, "चोराचा हात वरच्या थरात, पाण्याचा हात खालच्या थरात. मधलं तेवढं आपलं. किमती कागद नेहमी लोकरीच्या पोटात घालायचे, दोन्हीकडून पुठ्ठा लावून. आणि हातातली पिशवी ही हरवण्यासाठीच असते, तिच्यात जीव ठेवायचा नाही."

आणि ही पोरगी काय करत होती? कॉलेजच्या कागदांची निळी फाइल खांद्याच्या पिशवीत घालत होती. गाठोबाला ते लागलं. विसरली म्हणायची सगळं. पण बोलला असता तर ती "बरं" म्हणाली असती, आणि ते 'बरं' त्याला ऐकवत नसे. तो बोलला नाही.

संध्याकाळी मुंगी मैत्रिणीचा निरोप घ्यायला बाहेर गेली. जाताना म्हणाली, "भरून झालंय. दोरी तेवढी तुम्ही बांधा." दोन वर्षांत तिने त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

तो दोरी घेऊन आत गेला आणि दोरी हातातच राहिली.

खोलीतला तिचा कोपरा रिकामा होता. फळीवर पुस्तक नाही, खिडकीत कंगवा नाही. शाळेतल्या बक्षिसाचा कप, ज्याचा वसतिगृहात काडीचा उपयोग नाही, तोही नाही. आईचा फोटो होता त्या जागी भिंतीवर फक्त चौकोन, आणि चौकोनाच्या वर एक भोक. खिळा तिने उपटला होता. खाली वाकून बघितलं तर फरशीवर केरसुणीचे ताजे फराटे होते. कोपरा झाडून काढला होता.

सव्वीस वर्षांत गाठोबाने शेकडो खोल्या अशा बघितल्या होत्या. कुणी सांगावं लागत नाही.

तो ट्रंकेवर बसला. मग उठला आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. दुसऱ्याचं बांधलेलं सामान त्याने आयुष्यात उघडलं नव्हतं. टोळीत त्याला चोरी म्हणतात.

वरच्या चादरी उचलल्या, टॉवेल उचलला. मधल्या थरात, अगदी पोटात, तिच्या आईने विणलेला राखाडी स्वेटर होता. मुंगी थंडीत तोच घालायची, कोपरावर रफू करकरून. रोजच्या वापरातली वस्तू. घडी नीट चौकोनी होती, त्याने ती वरून चाचपली. आत पुठ्ठा लागला. लोकरीची घडी मोडू नये म्हणून पुठ्ठा घालायचा हेही त्यानेच शिकवलेलं. त्याला बरं वाटलं. सगळंच काही विसरली नाही पोरगी. घडी उलगडून बघायचं त्याच्या मनात आलं, पण स्वेटर बायकोच्या हातचा होता, तो उलगडला असता तर उभं राहवलं नसतं. आणि बोटांना काय, त्यांना पुठ्ठा काय आणि कागद काय.

त्याने स्वेटर तसाच उचलून आपल्या कपाटात, आपल्या शर्टांच्या मागे ठेवला. बाकीचे थर होते तसे लावले. ट्रंकेला दोरीचे चार वेढे दिले आणि परतीची गाठ मारली. थंडी पडली की ती स्वेटर शोधेल. "घरीच राहिला की," म्हणेल. घ्यायला येईल. एकदा आली की मग काय ते बोलता येईल. एवढाच त्याचा हिशेब होता.

रात्री बसच्या टपावर ट्रंक चढवताना आत्याने डोळे पुसत पुन्हा पुन्हा विचारलं, "काही राहिलं नाही ना गं?"

"काही नाही, आत्या. दोनदा बघितलंय."

गाठोबा दोरी ओढून बघत होता. त्याने वर बघितलं नाही.

बस हलली तशी मुंगी खिडकीतून म्हणाली, "येते, बाबा." रोज दुकानात जाताना म्हणायची तसंच.

रात्रभर प्रवास करून ती सकाळी पोचणार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास गाठोबा एका इमारतीच्या तिसऱ्या जिन्यावर होता, लोखंडी कपाटाच्या खालच्या बाजूला. पाठीवर पट्टा आणि कपाळावर नस. खिशातला फोन वाजला. कपाट घेऊन फोन उचलायचा नसतो. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. गाठोबाने कपाट भिंतीला टेकवायला लावलं.

"गाठोबा, कपाट आहे की बायको? टेकवून गप्पा कसल्या मारतोस?" वरून मुकादम ओरडला.

"बाबा," मुंगी म्हणाली. मागे पुष्कळ मुलींचा गलका होता. "आईचा राखाडी स्वेटर घरी आहे का, बघा जरा."

गाठोबा स्वतः घरी नव्हता. पण तो म्हणाला, "आहे."

"बघितलंत?"

"आहे."



"बाबा, त्याच्या पोटात कागद आहेत. मूळ कागद. फाइलमध्ये नुसत्या झेरॉक्स आहेत."

गाठोबा घाईने म्हणाला, "फोटो काढून पाठवतो. आत्याच्या मुलाला सांगून..."

"फोटो चालत नाही. मूळच हवेत. पाच वाजेपर्यंत." मग ती हळू म्हणाली, "बाबा, मी तो ट्रंकेत घातला होता. मधल्या थरात. मला नीट आठवतंय. मला नीट आठवतंय ना, बाबा?"

तिला स्वतःवर शंका आली होती. 'विसरली असशील बाळा' एवढं म्हटलं असतं तर ती मानायलाही तयार होती. त्याला सुटायला ती एवढी एक फट होती, आणि त्याला ती दिसलीही.

"तुला बरोबर आठवतंय," तो म्हणाला. "मी काढला."

पलीकडून फोन बंद झाला.

गाठोबाने पाठीवरचा पट्टा सोडला. कपाट जिन्यात तसंच, अर्ध्यात. मुकादम खाली धावत आला, "अरे वेड लागलं काय? मालक वर उभा आहे!" गाठोबा त्याच्याकडे बघून नुसता म्हणाला, "पोरीचं काम आहे." आणि जिना उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सामान अर्ध्यात सोडलं होतं. नऊ तासांचा रस्ता आणि हातात तीन तास. तरी तो धावत घरी गेला, शर्टांच्या मागून स्वेटर काढला, उलगडला. दोन पुठ्ठे, आणि मधे पोरीचं बारा वर्षांचं शिक्षण, एक घडी न पडता. इतकं चांगलं बांधणं त्याने स्वतःही कधी केलं नसेल.

तो पोचला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. वसतिगृहाचं फाटक उघडं होतं आणि आतल्या अंगणात मुली बादल्या घेऊन ये-जा करत होत्या, हसत होत्या. फाटकाबाहेर झाडाखाली ट्रंक होती आणि ट्रंकेवर मुंगी. रात्री रखवालदाराच्या बायकोने तिला आपल्या खोलीत झोपू दिलं होतं. गादीची वळकटी सोडलेली नव्हती.

"खाट सव्वापाचला दुसरीला दिली," मुंगी म्हणाली. "पंधरा मिनिटं थांबल्या वसतिगृहाच्या बाई माझ्यासाठी. चांगल्या होत्या."

तरीही गाठोबा कागद घेऊन आत गेला. हात जोडले. वसतिगृहाच्या बाईंनी चष्मा काढून कागद एकेक बघितले आणि परत दिले. "कागद चोख आहेत हो. पण ती मुलगीही काल रडतच आली होती, आणि आता झोपलीय त्या खाटेवर. तिला उठवू का मी?" गाठोबाने कागद पुन्हा पुठ्ठ्यांच्या मधे घातले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, त्या म्हणाल्या.

तो बाहेर आला. मुंगी अजून ट्रंकेवरच बसली होती.

"का काढलात?" ती म्हणाली. दोन वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"मागे एक वस्तू ठेवायची असते."

"ती परत येणाऱ्याची ठेवायची असते, बाबा. तुम्हीच सांगितलंय."

"तू येणार नव्हतीस?"

मुंगीने दोरीच्या गाठीला हात घातला. तिने एक टोक ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली आणि चारही वेढे सैल होऊन ट्रंकेच्या अंगावर लोळले.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "खरंच माहीत नव्हतं. तिथे जाऊन बघणार होते, तुमची आठवण येते का."

मुलींचा एक घोळका हसत त्यांच्या शेजारून गेला. एकीने जाता जाता मुंगीला विचारलं, "तू पण नवीन का गं?" मुंगीने मान हलवून नाही म्हटलं.

मुंगी घरी आली. गाठोबाला हवं होतं ते झालं. गाळणीवाली बाई यायची तशी आली, महिन्याच्या आत, नव्हे तिसऱ्याच दिवशी. आत्याने आल्या आल्या भावाला तोंडाला येईल ते सुनावलं, आणि मग पदर तोंडाला लावून रडत वर निघून गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. आत्याचं न बोलणं म्हणजे नदी थांबल्यासारखं होतं, सगळी इमारत विचारायला लागली, काय झालं म्हणून.

मुंगी औषधांच्या दुकानात कामाला लागली. "येते" म्हणून जायची, "आले" म्हणून यायची. ट्रंकेतलं सामान तिने बाहेर काढून लावलं नाही. ट्रंक दाराजवळच होती, गादीची वळकटी तिच्यावर. कोपरा रिकामाच. भिंतीतलं भोक तसंच. फक्त स्वेटर तेवढा बाहेर होता. गाठोबाने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता, आणि तो तिथेच राहिला, कुणी घालत नव्हतं, कुणी उचलत नव्हतं.

रोज सकाळी मुंगी ट्रंकेची दोरी सोडायची, दिवसाचे कपडे काढायची आणि पुन्हा चार वेढे देऊन गाठ मारायची. कायमची गाठ. ती तिला कधी शिकवली हे गाठोबाला आठवेना. बघून बघून शिकली असणार. सोडवायला पंधरा मिनिटं लागतात आणि नखं जातात. ती पंधरा मिनिटं आधी उठायची. तो अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि दोरीचा खसखस आवाज ऐकायचा. एकदा त्याला राहवलं नाही. म्हणाला, "परतीची मार ना गं. बोटं बघ तुझी."

"असू दे," मुंगी म्हणाली. "ही सुटत नाही. म्हणजे मला कळतं, कुणी उघडली का."



थंडी आली. मुंगी नुसत्या ओढणीवर दुकानात जायची, स्वेटर खुर्चीवर. थंडी गेली, उन्हं तापली. वसतिगृहाकडून एक पाकीट आलं, ते तिने दारातच उभ्याने वाचलं आणि पिशवीत घातलं.

मग एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा ती अजून दुकानातून आली नव्हती. घरात शिरताच त्याला काहीतरी वेगळं वाटलं. काय, ते कळायला थोडा वेळ लागला. खुर्चीची पाठ रिकामी होती.

त्याने इकडे तिकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. ट्रंक दाराजवळ होती आणि तिच्यावर वसतिगृहाच्या यादीतलं नवं कुलूप होतं. दोरीचे चारऐवजी सहा वेढे होते, आणि गाठ अशी आवळलेली की ती बघून टोळीतला कुणीही म्हणाला असता, ही गाठोबाच्या हातची. त्याने गाठीवरून बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नाही.

मग त्याने केरसुणी घेतली. भिंतीतल्या भोकाखाली थोडी माती सांडली होती, ती ओढली. खिडकीची कड पुसली. मुंगीचा कोपरा भिंतीपासून दारापर्यंत त्याने हलक्या हाताने झाडून काढला, कायमचं जाणाऱ्यांचा काढतात तसा, म्हणजे ते काम तिला करावं लागू नये. केर भरून बाहेर टाकला. नंतर खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसला आणि ती "आले" म्हणायची वाट बघू लागला.